मागून येणारा ठक आवाज : गाडीचं मागचं सस्पेन्शन तपासताना आणि बदलताना

गेल्या वेळी आपण पुढच्या चाकांबद्दल बोललो. तेव्हा शेवटच्या रांगेतून एक प्रश्न आला होता : "पुढचं समजलं, पण माझ्या गाडीत आवाज मागून येतो. दोनदा शॉकअप बदलले, तरी आवाज आहे तिथेच आहे. आता काय बदलू?" वेळ संपली होती, म्हणून उत्तर राहिलं. आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तर एका वाक्यात सांगायचं तर असं : आधी काही बदलू नका, कारण शोधा. आवाज एका जागेवरून येतो, बिघाड दुसऱ्या जागी असतो आणि पैसे तिसऱ्याच भागावर खर्च होतात. आमच्याकडे येणाऱ्या मागच्या सस्पेन्शनच्या कामांत हे इतक्या वेळा दिसतं, की आम्ही आता पाना हातात घ्यायच्या आधी वही हातात घेतो.

एक अनुभव सांगतो. आर्णीकडच्या एका कुटुंबाची छोटी हॅचबॅक. मागून ठक-ठक येत होतं. एका ठिकाणी शॉकअप बदलून मिळाले, आवाज थोडा कमी झाला, मग परत आला. दुसऱ्या ठिकाणी स्प्रिंग बदलून दिल्या. मग टायर एका बाजूने झिजलेले दिसले, तेही नवे घातले. आणि एका रात्री कळंबच्या अलीकडे हायवेवर रोही आडवा आला. चालकाने ब्रेक दाबला, आणि गाडीची शेपूट एका बाजूला निघाली. दुभाजकाला घासून गाडी थांबली. आत आजीसकट पाच माणसं. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. गाडी आमच्याकडे आली तेव्हा नवे शॉकअप होते, नव्या स्प्रिंग होत्या, नवे टायर होते. आणि मागच्या बीमचा डावा बुश लोखंडापासून पूर्ण सुटलेला होता. ब्रेक लागला की ते चाक थोडं मागे सरकायचं, बीम वाकडा व्हायचा आणि मागची चाकं स्वतःच गाडी वळवायची. ज्या भागाकडे कुणी बघितलंच नाही, त्या एका रबराची ही गोष्ट होती.

चार कामं, चार भाग

आपल्याकडची बैलबंडी आठवा. तिला स्प्रिंग नसते आणि तिचं काही अडत नाही, कारण बैल ताशी तीन-चार किलोमीटरने चालतो. चाक दगडावर चढतं, उतरतं, आणि बंडीही त्याच्याबरोबर चढते-उतरते. वेग वाढला की हे चालत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. एवढ्या वेगात प्रत्येक दगडाबरोबर सगळी गाडी वर उचलली तर माणसंही टिकणार नाहीत आणि चाक रस्त्यावरही राहणार नाही. म्हणून चाक आणि गाडी यांच्यात सस्पेन्शन आलं. मागच्या बाजूला त्याची कामं चार :

१. वजन पेलणं. हे स्प्रिंगचं काम. ती गोल कॉइल असेल किंवा पाट्यांची कमान असेल. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम इथे लागतो : जेवढं वजन दुप्पट, तेवढी दबणूक दुप्पट. म्हणून स्प्रिंग थकली की गाडी त्या बाजूला बसते, आणि ते टेपने मोजता येतं.

२. झोका थांबवणं. स्प्रिंग दबली की परत उसळते, मग पुन्हा दबते. हे थांबवतो तो शॉक ॲब्सॉर्बर, आपला शॉकअप. त्याच्या आत तेल असतं आणि बारीक छिद्रं असलेला पिस्टन असतो. तेल छिद्रांतून जबरदस्तीने जातं आणि झोक्याची ताकद उष्णतेत बदलते. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, हे नीट लक्षात ठेवा. "गाडी बसली, शॉकअप गेले" हे वाक्य आपण रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. गाडी बसली असेल तर आधी स्प्रिंगकडे बघा.

३. चाक जागेवर धरणं. हे काम बीम, आर्म, दांडे आणि त्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांचं. रबर थोडं वळतं, धक्का खातं, पण चाकाला पुढे-मागे किंवा आडवं सरकू देत नाही.

४. शेवटचा आधार. खड्डा फार मोठा असला तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून एक रबरी ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. स्वस्त असतो, फाटला तरी कुणी बदलत नाही, आणि मग शॉकअप आतून फुटतो.

आता तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते ओळखा. बोलेरोला, जुन्या ॲम्बेसेडरला, ओम्नीला मागे पाटे आहेत. तिथे पाटेच वजनही पेलतात आणि ॲक्सलही धरून ठेवतात. स्विफ्टसारख्या गाडीत टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एक पिळणारा आडवा बीम. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून हा प्रकार छोट्या गाड्यांत जगभर पसरला, कारण सुटे भाग कमी आणि जागाही कमी लागते. तिसरा प्रकार म्हणजे ताठ ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग. स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा या गाड्यांत तो आहे, जुन्या छोट्या गाड्यांतही होता. तिथे ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून बहुधा एक आडवा दांडा असतो, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. प्रकार बदलला की बिघाडाची जागा बदलते. शेजाऱ्याच्या गाडीत जे निघालं तेच आपल्या गाडीत निघेल असं म्हणूनच नसतं.

आपल्या जिल्ह्यात हे भाग लवकर का जातात

कारण पहिलं, जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्या पोटात असलेली चिकणमाती पाणी धरून ठेवते. वरचा रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी खालची माती दरवर्षी वर-खाली होते, आणि मग डांबर लाटेसारखं होतं. वणी-मारेगावकडे कोळशाच्या ट्रकांची रहदारी आहे, तिथे रस्त्यावर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात. छोटी गाडी त्यात शिरली की एक बाजू सतत खाली.

कारण दुसरं, दोन प्रकारचे रस्ते एकाच प्रवासात. यवतमाळहून उमरखेडकडे निघालात तर राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. पांढरकवड्याला गेलात तर ४४ आहे, जो पूर्वी ७ होता. तिथे गाडी आरामात ८०-९० ने जाते. मग फाटा येतो, गावाचा रस्ता येतो, आणि शेवटचे दोन किलोमीटर पांदण. पांदणीवर २० च्या वेगात सुटलेला बुश फक्त आवाज करतो. तोच बुश हायवेवर ९० ला ब्रेक दाबल्यावर गाडी फिरवतो. झीज गावच्या रस्त्यावर होते, हिशोब हायवेवर होतो. म्हणून "आवाज येतो, पण चालते" हे वाक्य धोक्याचं आहे.

कारण तिसरं, डिक्कीतलं वजन. खरिपाच्या तोंडावर डिक्कीत युरियाच्या सहा गोण्या टाकल्या, असं धरा. गोणी ४५ किलोची, म्हणजे २७० किलो. आता डिक्की मागच्या चाकांच्याही मागे असते. दोन चाकांमधलं अंतर २.४ मीटर आणि गोण्या मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे असतील, तर मागच्या चाकांवर २७० नाही, सुमारे ३२६ किलो भार येतो. वरचे ५६ किलो कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. पुढचं स्टिअरिंग हलकं झालं, मागची स्प्रिंग तळाला टेकली, आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉप मार खाऊ लागला. हेच वजन मागची सीट पाडून ॲक्सलच्या पुढे ठेवलं तर परिस्थिती बरीच सुधारते. गाडीचा एकूण भार मर्यादेत हवा, ते वेगळं सांगायला नको.

कारण चौथं, चिखल. कॉइल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत काळा चिखल बसतो, महिनोन्‌महिने ओला राहतो, रंग उडतो, गंज धरतो. स्प्रिंग तुटते ती बहुतेक त्या शेवटच्या वेढ्याला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चाकाच्या आतून नुसतं पाणी मारलं तरी स्प्रिंगचं आयुष्य वाढतं.

तपासणीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही तो असाच पाळतो, तुम्हीही पाळा. पहिल्या चार पायऱ्यांना एकही पाना लागत नाही.

पहिली पायरी : डिक्की रिकामी करा. सगळं बाहेर काढा. जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याची बाटली, सगळं. मग तोच रस्ता, तोच वेग. मागून येणारे आवाज कितीदा तरी सैल स्टेपनीचे, जॅकचे, मागच्या सीटच्या कुलपाचे किंवा सायलेन्सरच्या लटकणाऱ्या रबराचे निघतात. आवाज गेला तर तुमचं काम फुकटात झालं.

दुसरी पायरी : आवाजाचा स्वभाव ओळखा. लहान खड्ड्यांवर कोरडा ठक-ठक येत असेल तर शॉकअपचं वरचं माउंट किंवा त्याचा बुश बघा. ब्रेक दाबताना आणि सोडताना एकेकदा धप्प येत असेल तर बीमचा किंवा आर्मचा बुश. गतिरोधकावरून हळू जाताना करकर येत असेल तर पाट्यांमधला गंज किंवा कोरडे बुश. मोठ्या खड्ड्यात खणखणीत आदळल्यासारखं वाटलं तर बंप स्टॉप. आणि खड्डा नसतानाही वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज असेल तर तो सस्पेन्शनचा नाहीच, चाकाचं बेअरिंग किंवा टायर बघा.

तिसरी पायरी : टेप लावा. सपाट जागा, रिकामी गाडी, दोन्ही टायरमध्ये सारखी हवा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. काही मिलिमीटरचा फरक असतोच. बोटभर फरक असेल तर एक स्प्रिंग थकली, तुटली किंवा वाटीत नीट बसलेली नाही. पाट्यांची गाडी असेल तर आणखी एक माप घ्या : पाट्याच्या पुढच्या पिनपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंना. फरक आला तर मधला सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो किंवा यू बोल्ट सैल. अशी गाडी रस्त्यावर तिरपी चालते. मागून येणाऱ्याला ती आधी दिसते, चालकाला कळत नाही.

चौथी पायरी : टायर वाचा. तळहात टायरवरून फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे-उंचवटे लागले तर चाक रस्त्यावर नाचत होतं. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड झोका घेतं, पण चाक स्वतः सेकंदाला दहा-पंधरा वेळा नाचू शकतं. शॉकअप कमजोर झाला की ते नाचणं थांबत नाही आणि टायरवर त्याचे ठसे उमटतात. चाकाचा बॅलन्स बिघडला असेल तरी असे खळगे पडतात, म्हणून तोही बघून घ्या. फक्त आतली कड झिजली असेल तर चाकाचा कोन बदललाय : बीम वाकलाय, बुश सुटलाय किंवा बेअरिंग सैल आहे. अशा वेळी नवा टायर घालणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पाचवी पायरी : शॉकअप. मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबली पाहिजे. दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप संपला. पण ही चाचणी पूर्ण मेलेला शॉकअपच पकडते, अर्धमेला सुटतो. त्यासाठी आमची दुसरी पद्धत : दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवा, थांबा आणि दोन्ही शॉकअपच्या नळीला हात लावा. सायलेन्सर आणि ब्रेक ड्रमपासून हात दूर ठेवा, ते भाजतात. काम करणारा शॉकअप कोमट झालेला असतो, कारण झोक्याची उष्णता त्याच्या तेलात गेली. एक कोमट आणि एक थंड लागला तर थंड असलेला नुसता बसून होता. नळीवर हलका तेलकट थर आणि त्यावर धूळ असेल तर घाबरू नका. ओघळ असेल, थेंब असेल, तर मात्र तो गेला.

सहावी पायरी : बुश. इथे गाडी पिटवर किंवा रॅम्पवर हवी. आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी घालून हलकेच उचका. रबर थोडं दबेल, ते ठीक. लोखंड रबरातून सुटून वेगळं हललं, काळी पूड पडली, फट दिसली, तर बुश गेला. रबराच्या पृष्ठभागावर बारीक रेषा असणं आणि रबर फाटणं यात फरक आहे. रेषा वयामुळे येतात, त्यांच्यासाठी लगेच खर्च करायची गरज नाही. पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत एकाने गाडी आडवी हलवावी आणि दुसऱ्याने बुशवर हात ठेवावा. हाताला ठोका लागला तर तिथेच दुखणं आहे.

या सहा पायऱ्या वहीत लिहा : तारीख, किलोमीटर, डावी-उजवी मापं. पुढच्या वर्षी तीच मापं घ्या. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कुठला भाग थकत चाललाय ते वही सांगते.

बदलताना

आता समजा, कारण सापडलं. बदलायचं ठरलं. सगळ्यात आधी जिवाची गोष्ट.

हॅंडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर काम करतो. मागची चाकं जॅकवर उचलली की हॅंडब्रेकचा उपयोग शून्य. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. जमीन कडक हवी. काळ्या मातीवर जॅक कधीच नाही, तो डोळ्यांदेखत रुततो. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. जॅक उचलण्यासाठी आहे, पेलण्यासाठी घोडी स्टँड आहेत. घोड्या नसतील तर ते काम घरी करू नका. विटांचा थर हा पर्याय नाही. वीट भाराखाली अचानक फुटते, आधी सांगत नाही.

शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळ्या बसवलेल्या असतात अशी छोटी गाडी घेऊ. क्रम असा :

१. गाडी घोड्यांवर घ्या. चाकं काढा. ॲक्सल किंवा बीमखाली दुसरा जॅक लावून नुसता आधार द्या. हा आधार नसेल तर शॉकअपचा बोल्ट निघताच बीम खाली पडतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि स्प्रिंग उडू शकते.

२. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून बोल्ट मोडला तर दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

३. एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू तशीच असली की जोडणी कशी होती ते बघता येतं.

४. नवा शॉकअप डब्यातून काढून लगेच बसवू नका. आडवा पडून त्याच्या आत हवा शिरलेली असते. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आणि त्याचा चकचकीत दांडा पकडीत धरू नका. त्यावर एक ओरखडा पडला की तो वरचं सील कापतो आणि महिन्याभरात तेल गळतं. "नवाच शॉकअप लीक निघाला" अशा तक्रारींत कितीदा पकडीच्या खुणा सापडतात.

५. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या खाचेला नेमकं टेकलं पाहिजे. खालचं-वरचं रबर झिजलं असेल तर त्याच वेळी नवं घाला.

६. जोडीने बदला. डावा-उजवा शॉकअप, डावी-उजवी स्प्रिंग, एकाच वेळी, एकाच बनावटीची. एक बाजू ताठ आणि एक सैल असली की गाडी वळणावर दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागते.

७. बुश बदलायचा असेल तर जुना काढण्याआधी त्याची दिशा रंगाने खूण करून ठेवा. कितीतरी बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते आणि ती ठरलेल्या दिशेलाच हवी. बुश प्रेसवर काढा. जाळून काढू नका, धूरही विषारी आणि लोखंडालाही ताप.

८. आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बुशाचे बोल्ट शेवटचे कधी आवळायचे? चाकं लटकत असताना नाही. गाडी जमिनीवर आणून, वजन चाकांवर आल्यावर. कारण बुशाचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या स्थितीत पक्कं होतं, आणि गाडी खाली आणली की कायमचं पिळलेलं राहतं. दिवसरात्र पिळलेलं रबर काही महिन्यांत फाटतं.

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचे चारही बुश नवे घातले आणि घोडीवरच आवळून दिले. तीन-चार महिन्यांत गाडी परत आली, रबर फाटलेलं. आम्ही माल खराब म्हटलं, दुसरे घातले, पुन्हा तसंच आवळले. तेही फाटले. दुसऱ्यांदा फाटल्यावर माहितीपुस्तिका उघडली, तिथे ती ओळ छापलेलीच होती. ते बुश आम्ही अजून टेबलावर ठेवलेत, नव्या मुलांना दाखवायला.

पाट्यांच्या गाडीला आणखी दोन सूचना. यू बोल्ट काढले की नवेच घाला. जुने ताणलेले असतात. आलटून-पालटून कोपऱ्या-कोपऱ्याने आवळा आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. आणि काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक दांडा जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडीत वजन किती आहे ते तो ॲक्सलच्या उंचीवरून ओळखतो आणि मागच्या ब्रेकला दाब देतो. पाटे बदलून गाडीची उंची बदलली, पण व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर ब्रेकचा तोल बिघडतो. तो सेट केल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणू नका.

शेवटी अलाइनमेंट. टॉर्शन बीममध्ये मागचे कोन बहुधा बदलता येत नाहीत, म्हणून लोक मागचं मोजतच नाहीत. मोजा. मोजल्यावरच कळतं की बीम वाकलाय का. वाकलेला बीम तापवून ठोकून सरळ करू नका. तुटलेल्या पाट्याला किंवा स्प्रिंगला वेल्डिंगही नाही. स्प्रिंगच्या पोलादाला कडकपणा देताना ठरावीक तापमान दिलेलं असतं. वेल्डिंगने तो जातो आणि जोडाच्या शेजारीच ती पुन्हा तुटते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*एकच शॉकअप गळतोय, दुसरा चांगला आहे. दोन्हीचा खर्च कशाला?*

दुसरा तेवढेच किलोमीटर, तेच खड्डे खाऊन आलाय. आज चांगला दिसतोय, पण नव्याच्या बरोबरीचा नाही. पैसे नसतील तर महिनाभर थांबा, हळू चालवा, पण जोडीनेच घाला. अगदी नवी गाडी असेल आणि अपघातात एकच मोडला असेल, तर तो अपवाद.

*बोलेरोत एक पाटा वाढवून घेतला तर?*

पाटा वजन पेलेल, पण ॲक्सल, चाकाचं बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेवढेच राहिले. पूर्वी पाटा वाकून तुम्हाला सांगायचा की भार जास्त झालाय. आता तो सांगणार नाही, आणि तुटेल ते दुसरंच काहीतरी.

*स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर घालतात, ते बरे का?*

गाडी उंच दिसते, म्हणून बरं वाटतं. पण रबर ज्या वेढ्यांमध्ये अडकवलं ते वेढे काम करायचे थांबतात आणि सगळी वाकणूक उरलेल्या वेढ्यांवर येते. आमच्याकडे तुटून आलेल्या काही स्प्रिंगांत हे रबर तसंच अडकलेलं होतं. थकलेल्या स्प्रिंगचं औषध नवी स्प्रिंग.

*गॅसचे शॉकअप घ्यावेत का?*

त्यात दाबाखाली गॅस भरलेला असतो, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावर तेलाचा फेस होत नाही आणि पकड टिकते. फायदा खरा आहे. पण गाडीची उंची त्याने वाढत नाही आणि फाटलेला बुश बरा होत नाही. पैसे थोडेच असतील तर आधी बुश आणि माउंट.

*किती किलोमीटरला बदलायचे?*

याला एक आकडा नाही. हायवेवरची गाडी आणि पांदणीवरची गाडी यांचं एक किलोमीटर सारखं नसतं. वर्षातून दोनदा तपासा : मृग लागण्याआधी एकदा, आणि दिवाळीच्या आसपास, रस्त्यांनी त्यांचं काम करून झाल्यावर, एकदा.

त्या आर्णीच्या गाडीचं काय झालं ते सांगून थांबतो. बीमचे दोन्ही बुश बदलले, वजनावर आवळले, अलाइनमेंट बघितलं. आवाज गेला. सगळ्यात स्वस्त भाग होता तो, आणि सगळ्यात शेवटी बदलला गेला. घरी गेल्यावर आज एवढंच करा : डिक्की रिकामी करा, टेप घ्या, आणि दोन मापं वहीत लिहा. पुढच्या वेळी ती वही घेऊन या, आपण ब्रेकबद्दल बोलू.